दर तासाला घेतलेल्या मातीच्या तापमानावर नॉर्मॅलिटी टेस्ट लावावी का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. खोडवा उसाचे आठ प्लॉट. चारमध्ये पाचट सरीत पसरून ठेवले, चारमधून काढून टाकले. प्रत्येक प्लॉटमध्ये दहा सेंटिमीटर खोलीवर तापमानाचा एक सेन्सर, मार्च-एप्रिलमधले ६० दिवस, दर तासाला एक रिडिंग. म्हणजे प्लॉटमागे १४४० आणि ट्रीटमेंटमागे ५७६० रिडिंग्ज. डेटा नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वितरणाचा, आहे का हे पाहणारी शापिरो-विल्क टेस्ट आर सॉफ्टवेअरमध्ये चालेना, म्हणून त्याच कामाची कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह लावली. पी-व्हॅल्यू, म्हणजे डेटा खरोखर नॉर्मल असता तर एवढी तफावत योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.००१ पेक्षा कमी आली. लॉग घेतला, वर्गमूळ घेतले, तरी तेच. आता गाईड म्हणतात की डेटा नॉर्मल नाही, तेव्हा मॅन-व्हिटनी लावा, म्हणजे मूळ आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक (रँक) वापरून दोन गटांची तुलना करणारी टेस्ट. आणि तुम्ही विचारता आहात की मॅन-व्हिटनी लावली तर तोंडी परीक्षेत चालेल का.

चालून जाईलही. पण तुमचा निष्कर्ष त्यामुळे बरोबर ठरणार नाही, आणि दोन महिने उन्हात जाऊन लॉगर सांभाळलेल्या माणसाला मी एवढ्यावर सोडणार नाही. गेली वीसेक वर्षे कृषी आणि पर्यावरणाच्या विद्यार्थ्यांचा डेटा माझ्याकडे येतो. लॉगर स्वस्त झाल्यापासून तुमच्यासारखा प्रश्न जवळजवळ दर महिन्याला येतो, आणि दर वेळी सगळ्यांचे लक्ष नॉर्मल या एका शब्दावर खिळलेले असते. नॉर्मल असणे हे टी-टेस्टचे, म्हणजे दोन सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या नेहमीच्या टेस्टचे, एक गृहीतक आहे. दुसरे गृहीतक असे की प्रत्येक रिडिंग बाकीच्यांपासून स्वतंत्र असावे. पहिले थोडे मोडले तर टेस्ट सहसा तग धरते. दुसरे मोडले की टेस्ट कोसळते, आणि रिडिंग्ज वाढवली तरी सावरत नाही. तुमच्याकडे मोडले आहे ते दुसरे.

सकाळी दहाला मातीचे तापमान २८.४ असेल तर अकराला ते २९ च्या आसपास असणार, हे रिडिंग न घेताही तुम्ही सांगू शकता. मग अकराच्या रिडिंगने नवीन माहिती किती दिली? फार थोडी. आधीच्या रिडिंगवरून पुढच्याचा अंदाज बांधता येणे यालाच ऑटोकोरिलेशन म्हणायचे, पुस्तकी मराठीत स्वसहसंबंध.

याची किंमत आकड्यांत बघा. शेजारच्या दोन रिडिंग्जमधला सहसंबंध ρ धरा आणि तो तासागणिक त्याच प्रमाणात घटत जातो असे समजा. मग n रिडिंग्जची सरासरी काढताना त्या प्रत्यक्षात n गुणिले (१−ρ) भागिले (१+ρ) इतक्याच स्वतंत्र रिडिंग्जच्या तोलाच्या असतात. दिवसाचा चढउतार काढून टाकल्यावरही मातीच्या तापमानात ρ चा ०.९ असणे अजिबात विशेष नाही. १४४० गुणिले ०.१ भागिले १.९, म्हणजे सुमारे ७६. साठ दिवसांत ७६, म्हणजे दिवसाला जेमतेम सव्वा रिडिंग. लॉगर दर दहा मिनिटांवर लावला असता तर फाईल सहापट मोठी झाली असती आणि ७६ चा आकडा जवळपास तिथेच राहिला असता, कारण जवळच्या रिडिंग्जमधला सहसंबंधही तेवढाच वाढला असता.

टी-टेस्टला हे माहीत नसते. ती १४४० धरते आणि प्रमाण त्रुटी, म्हणजे काढलेली सरासरी किती इकडेतिकडे असू शकते याचा अंदाज, खऱ्यापेक्षा कितीतरी लहान काढते. ρ ०.९ असेल तर खरी प्रमाण त्रुटी तिच्या आकड्याच्या ४.३६ पट असते. याचा अर्थ असा की दोन मालिकांत खरा फरक काहीही नसला तरी पाच टक्के पातळीवरची टेस्ट शंभरातून सुमारे ६५ वेळा 'फरक आहे' म्हणेल. ρ ०.५ असला तरी सुमारे २६ वेळा, ०.३ असला तरी १५ वेळा. हे मोठ्या मालिकांसाठी कागदावर काढता येणारे गणित आहे. आरमध्ये कृत्रिम मालिका तयार करून अर्ध्या तासात पडताळूनही पाहता येईल. जरूर पाहा. स्वतःच्या स्क्रीनवर पाहिलेले वाचलेल्यापेक्षा पक्के बसते.

मॅन-व्हिटनी इथे वाचवील असे गाईडना वाटते, कारण तिला 'डिस्ट्रिब्यूशन-फ्री' म्हणतात. ती वितरणाच्या आकारापासून मोकळी आहे. स्वातंत्र्याच्या अटीपासून मोकळी नाही. तिचे सगळे गणित एका कल्पनेवर उभे आहे: फरक नसेल तर सगळी रिडिंग्ज एकत्र करून रँकचा कुठलाही क्रम सारख्याच शक्यतेने येऊ शकतो. तुमच्या डेटात ते शक्य नाही. उन्हाची लाट आली की सलग चार दिवस वरचेच रँक येणार. म्हणून ती टेस्टही टी-टेस्टसारखीच, जवळपास तेवढ्याच वेळा, खोटा फरक दाखवील. दोनपेक्षा जास्त गटांसाठी रँकवरच चालणाऱ्या क्रुस्कल-वॉलिसचेही तेच. आणि व्हेरियन्स, म्हणजे गटांतला विखुरलेपणा, सारखे आहेत का हे पाहायला आपण लेव्हीन किंवा बार्टलेट टेस्ट लावतो, त्यांनाही स्वतंत्र रिडिंग्जच लागतात.

आता नॉर्मॅलिटी टेस्टकडे येते, कारण मूळ प्रश्न तोच होता.

आर शापिरो-विल्क चालवत नाही याचे कारण साधे आहे. तिथली ती कमांड ३ ते ५००० इतक्याच रिडिंग्ज घेते आणि तुम्ही ५७६० दिल्या. त्याऐवजी लावलेल्या कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्हमध्ये सरासरी आणि प्रमाण विचलन तुम्ही त्याच डेटातून काढून दिले असणार. तसे केले की तिची नेहमीची कोष्टके लागू पडत नाहीत. १९६७ मध्ये लिलिफोर्सने त्यासाठी दुरुस्त कोष्टके दिली. पण हा तपशील सुधारून काही फायदा नाही, कारण टेस्ट मुळातच चुकीच्या आकड्यांवर लावली गेली आहे.

कशी ते सांगते. उघड्या प्लॉटचे तापमान ३० अंशांभोवती वरखाली पाच अंश, असे नितळ लाटेसारखे हलते असे समजा. पहाटे २५, दुपारनंतर ३५. ढग नाही, पाऊस नाही, सेन्सरची चूक नाही. या लाटेचा हिस्टोग्राम काढा. ३४.३ च्या वर तापमान रोज चार तास असते. मधल्या तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्यात, म्हणजे २९.६५ ते ३०.३५ च्या दरम्यान, ते जेमतेम एक तास असते, कारण तिथून ते झपाट्याने पुढे सरकते, तर टोकाला जाऊन रेंगाळते. म्हणून हिस्टोग्राम दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये खोलगट होतो, अगदी पाळण्यासारखा. नॉर्मलच्या घंटेच्या बरोबर उलट. हा आकार दिवस-रात्रीमुळे आला आहे आणि लॉग किंवा वर्गमूळ घेऊन तो जाणार नाही. तुमच्या डेटात काही बिघाड आहे म्हणून टेस्ट फेल झाली असे समजू नका. सूर्य रोज उगवतो आणि मावळतो, एवढेच तिने ५७६० रिडिंग्ज घेऊन तुम्हाला सांगितले.

त्यामुळे कच्च्या रिडिंग्जना नॉर्मॅलिटी टेस्ट लावूच नये. गृहीतक आहे ते रेसिड्यूअलबद्दल, म्हणजे दिवसाचा चढउतार, मोसमाबरोबर चढत जाणारे तापमान, पाण्याची पाळी, ट्रीटमेंट अशा माहीत असलेल्या गोष्टी बाजूला केल्यावर जे उरते त्याबद्दल. कच्चा डेटा नॉर्मल दिसण्याची अपेक्षाच नाही.

रेसिड्यूअल काढले तरी ते कालाशी जोडलेले असतील तर नॉर्मॅलिटी टेस्टची पी-व्हॅल्यू विश्वासाची राहत नाही. विषमता (वितरण एका बाजूला किती कलले आहे) आणि शिखरता (त्याची टोके किती जाड आहेत) यांवर आधारलेली हार्क-बेरा ही नॉर्मॅलिटी टेस्ट घ्या. ρ ०.९ असेल तर विषमतेच्या अंदाजातला व्हेरियन्स स्वतंत्र डेटाच्या सुमारे ६.४ पट होतो आणि शिखरतेचा ४.८ पट. मालिका पूर्णपणे नॉर्मल प्रक्रियेतून आलेली असली तरी ही टेस्ट निम्म्याहून जास्त वेळा 'नॉर्मल नाही' म्हणेल. सरासरीच्या बाबतीत मात्र व्हेरियन्स १९ पट होतो. ऑटोकोरिलेशनची झळ नॉर्मॅलिटीच्या तपासणीला लागते खरी, पण ज्या टेस्टसाठी ती तपासणी करायची तिला त्याहून कितीतरी जास्त लागते. ρ ०.५ पर्यंत असेल तर नॉर्मॅलिटी टेस्टवर परिणाम फारसा होत नाही, आणि तेवढ्यात टी-टेस्ट मात्र केव्हाच हाताबाहेर गेलेली असते. म्हणून आधी स्वातंत्र्य तपासायचे आणि मग नॉर्मॅलिटी. हा क्रम मी कधीच बदलत नाही.

ही अडचण सेन्सरबरोबर आलेली नाही. १९२६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ यूलने इंग्लंड आणि वेल्सचा १८६६ ते १९११ चा मृत्युदर आणि चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झालेल्या विवाहांचे प्रमाण शेजारी ठेवून दाखवले की दोन्हींतला सहसंबंध ०.९५ येतो. दोन्ही मालिका संथपणे उतरत होत्या, एवढेच त्यामागचे कारण. आपल्या जवळचे उदाहरण पां. वा. सुखात्मे यांचे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतल्या कामानंतर ते पुण्यात राहत होते. १९७० च्या दशकाच्या शेवटी शेल्डन मार्जेन यांच्याबरोबर त्यांनी मांडले की एकाच माणसाचा रोजचा नायट्रोजनचा ताळेबंद (खाण्यातून आलेला वजा शरीराबाहेर गेलेला) हा दिवसागणिक स्वतंत्र नसतो, आजचा उद्याशी बांधलेला असतो, आणि म्हणून आठवड्याची सरासरी काढली तरी चढउतार आपण समजतो तितका कमी होत नाही. त्यावरून कुपोषणाबद्दल त्यांनी जे निष्कर्ष काढले त्यांना अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांसह अनेकांनी कडाडून विरोध केला. तो वाद इथे नको. मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो: सात दिवसांची सात रिडिंग्ज ही खरोखर सात आहेत का?

तुमच्या कामात हा प्रश्न दोन पातळ्यांवर येतो, आणि दुसरी पातळी पहिलीपेक्षा मोठी आहे. पाचट तुम्ही तासांना दिले नाही, प्लॉटना दिले. ट्रीटमेंटचा फरक किती भरवशाचा आहे हे ठरते ते एकाच ट्रीटमेंटचे प्लॉट एकमेकांपासून किती वेगळे आहेत यावरून. असे प्लॉट तुमच्याकडे चार आणि चार. एका प्लॉटमध्ये कितीही वेळा मोजा, आठाचे नऊ होणार नाहीत.

हे मी चटका बसून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका संशोधन केंद्रासाठी दोन पॉलिहाउसमधल्या आर्द्रतेचा डेटा तपासायचा होता. दर दहा मिनिटांनी एक रिडिंग, एकात नवीन प्रकारची जाळी, दुसऱ्यात जुनी. मी टी-टेस्ट लावली, पी-व्हॅल्यूत शून्यांची रांग आली, मी अहवाल लिहून दिला. पुढच्या हंगामात तिथल्या तंत्रज्ञाने देखभालीसाठी सेन्सर काढले आणि परत लावताना त्यांची अदलाबदल झाली. फरक उलटा झाला. जास्त आर्द्रता दाखवणारे पॉलिहाउस आता कमी दाखवू लागले. म्हणजे मी हजारो रिडिंग्ज घेऊन अतिशय अचूकपणे दोन सेन्सरमधला फरक मोजला होता. जाळीवर त्या केंद्राचा खर्च होऊन गेला होता. तो अहवाल मला अजून टोचतो.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एक तपासणी आधी करायला लावते. तुम्हीही आजच करा, दहा मिनिटे लागतील. पाचट नसलेल्या चार प्लॉटपैकी कुठलेही दोन घ्या आणि जी टेस्ट ट्रीटमेंटसाठी लावणार आहात तीच त्यांच्यावर लावा, तशीच, दोन्हीकडे १४४० रिडिंग्ज धरून. ट्रीटमेंट एकच आहे, तेव्हा ट्रीटमेंटचा फरक असूच शकत नाही. माझा अनुभव असा की तिथेही पी-व्हॅल्यू ०.००१ च्या खाली येते. कुठे जमीन थोडी हलकी, कुठे सेन्सर बोटभर वर बसलेला, कुठे बांधावरच्या झाडाची सावली. हा फरक खरा आहे, पण तो पाचटाचा नाही. हा निकाल छापून गाईडसमोर ठेवा. माझ्या इतक्या लांब उत्तरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मग करायचे काय? हे तुम्हाला काय विचारायचे आहे त्यावर अवलंबून आहे, आणि ते तुमच्या प्रश्नात मला कुठेच दिसले नाही. 'पाचटाने तापमानात फरक पडतो का' हा फार ढोबळ प्रश्न आहे. आच्छादन सरासरी तापमान कदाचित थोडेच बदलते. त्याचे खरे काम चढउतार दाबण्याचे: दुपारचे शिखर खाली येते, पहाटेचा तळ वर येतो. सगळ्या तासांची सरासरी काढलीत तर या दोन गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतील आणि जो परिणाम शेतात हाताला जाणवतो तो कागदावर दिसणारच नाही. तेव्हा मुळांना, फुटव्यांना कशाचा त्रास होतो हे तुमच्या विषयाच्या दृष्टीने ठरवा. दुपारचे कमाल तापमान असेल, दिवसभरातला चढउतार असेल, किंवा एखाद्या मर्यादेच्या वर गेलेले तास असतील. ती मर्यादा डेटा बघून निवडू नका, आधीच्या माहितीवरून आधी ठरवा.

एकदा ते ठरले की सर्वांत सरळ मार्ग असा. प्रत्येक प्लॉटच्या १४४० रिडिंग्जमधून एक आकडा काढा, उदाहरणार्थ ६० दिवसांच्या कमाल तापमानांची सरासरी. आठ प्लॉट, आठ आकडे. आता हे आठ आकडे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि साधी टेस्ट चालते. प्रयोग आरबीडीत, म्हणजे सारख्या जमिनीचे ब्लॉक पाडून प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन्ही ट्रीटमेंट चिठ्ठी टाकून देऊन, घेतला होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. घेतला असेल तर प्रत्येक ब्लॉकमध्ये पाचट असलेला वजा नसलेला असा फरक काढा. चार फरक मिळतील, तीन डिग्री ऑफ फ्रीडम (फरकांची संख्या वजा एक), आणि पाच टक्के पातळीवर टी चा आकडा ३.१८२ ओलांडायला हवा. हजारो रिडिंग्जवरून चारवर येताना पोटात गोळा येतो, मला कळते. पण त्या चारांत तुमची सगळी रिडिंग्ज आहेतच. जितकी जास्त आणि स्वच्छ रिडिंग्ज तितका प्रत्येक आकडा पक्का.

इथे गाईड पुन्हा म्हणतील की चारच आकडे, नॉर्मॅलिटी कशी तपासणार, नॉन-पॅरामेट्रिक, म्हणजे वितरणाचा आकार न धरणारी टेस्ट लावा. चार आकड्यांवर नॉर्मॅलिटी टेस्ट लावण्यात अर्थ नाही. ती काहीही पकडू शकत नाही. पण प्रत्येक आकडा साठ दिवसांची सरासरी आहे, आणि सरासऱ्या नॉर्मलकडे झुकतात. शेजारच्या दिवसांत सहसंबंध असला तरी झुकतात, फक्त तो काही दिवसांत विरून जायला हवा. त्यामुळे मी इथे टी-टेस्टवर विसंबते. उलट, चार जोड्यांवर विल्कॉक्सन (जोड्यांसाठीची रँकवरची टेस्ट) लावलीत तर चारही फरक एकाच दिशेने असले तरी दुहेरी पी-व्हॅल्यू ०.१२५ च्या खाली जाऊच शकत नाही. म्हणजे निकाल आधीच ठरलेला. ब्लॉक नसतील आणि चार विरुद्ध चार मॅन-व्हिटनी लावलीत तर सर्वांत लहान पी-व्हॅल्यू ०.०२९, चारही प्लॉट पूर्णपणे वेगळे पडले तरच.

तुम्हाला काळाबरोबर परिणाम कसा बदलतो हेही दाखवायचे असेल, आणि उसात ते दाखवण्यासारखे असते कारण ऊस वाढून सरी झाकली की पाचटाचा फरक कमी व्हायला हवा, तर मॉडेल लागेल. मिक्स्ड मॉडेल घ्या, म्हणजे ज्यांचा परिणाम मोजायचा ते घटक (फिक्स्ड) आणि प्लॉट-प्लॉटमधले आपोआपचे फरक (रँडम) दोन्ही एकत्र धरणारे. प्लॉट आणि ब्लॉक रँडम, ट्रीटमेंट आणि दिवस फिक्स्ड, त्यांचा इंटरॅक्शन (ट्रीटमेंटचा परिणाम दिवसागणिक बदलणे), आणि एका प्लॉटच्या आतल्या त्रुटींना ऑटोरिग्रेसिव्ह रचना, म्हणजे प्रत्येक त्रुटी आधीच्या त्रुटीशी जोडलेली. तासाची रिडिंग्ज वापरायची असतील तर २४ आणि १२ तासांच्या साइन-कोसाइन लाटा घाला, आणि त्या दोन्ही ट्रीटमेंटना वेगवेगळ्या राहू द्या, कारण पाचटाखाली लाट बुटकी होते आणि उशिरा पोचते. माझे मत विचाराल तर पहिल्यांदाच हे करत असाल तर रोजचे कमाल किंवा रोजचा चढउतार घ्या. प्लॉटमागे ६० आकडे, दिवसाची लाट आपोआप बाहेर. सहसंबंध त्यानेही संपत नाही, कारण उन्हाची लाट किंवा वळीव एका दिवसात ओसरत नाही, पण तो हाताळण्याजोगा होतो.

आणखी एक सोय तुमच्याकडे आहे. आठही प्लॉटवर हवामान एकच. एका ब्लॉकमधल्या दोन प्लॉटचा त्याच दिवसाचा फरक घेतलात की ढग, वारा, उन्हाची लाट यातला सामाईक भाग बराचसा वजा होतो आणि फरकाची मालिका मूळ मालिकेपेक्षा बरीच शांत असते. ती नुसती कागदावर काढून बघा. पाण्याची पाळी कधी दिली, वळीव कधी पडला, कुठल्या दिवशी सेन्सर उघडा पडला, हे सगळे त्या रेषेत दिसते. कुठल्याही टेस्टच्या आधी मी तासभर असे आलेख बघत बसते.

मॉडेल बसवल्यावर गृहीतके तपासायची वेळ येते, आणि इथे एक चूक फार जण करतात. ऑटोरिग्रेसिव्ह रचना घातलेल्या मॉडेलचे साधे रेसिड्यूअल काढले तर त्यांत सहसंबंध दिसतोच. दिसायलाच हवा, कारण मॉडेल म्हणते आहे की तो आहे. ते पाहून लोक घाबरतात, मॉडेल चुकले समजून वाढवत सुटतात. तपासायचे असतात सहसंबंध धुऊन काढलेले रेसिड्यूअल. आरच्या एनएलएमई पॅकेजमध्ये रेसिड्यूअलचा प्रकार 'नॉर्मलाइज्ड' असा मागावा लागतो. मागितला नाही तर कच्चेच मिळतात.

त्यांचा एसीएफ काढा, म्हणजे एक, दोन, तीन अशा अंतरांवरच्या सहसंबंधांच्या काड्यांचा आलेख, प्रत्येक प्लॉटचा वेगळा. आठ प्लॉट एकाखाली एक चिकटवून एकच एसीएफ काढू नका, नाहीतर एका प्लॉटचा शेवटचा दिवस दुसऱ्याच्या पहिल्याशी जोडला जातो. ६० आकड्यांसाठी अधिक-उणे १.९६ भागिले ६० चे वर्गमूळ, म्हणजे साधारण ०.२५ ची पट्टी. वीसेक काड्यांपैकी एखादी बाहेर डोकावली तर चालते. पहिलीच बाहेर असेल किंवा सलग चार-पाच एकाच बाजूला असतील तर रचना अपुरी आहे. तासाच्या डेटात २४ आणि ४८ या काड्या मुद्दाम बघा. तिथे उंच असेल तर दिवसाची लाट नीट निघालेली नाही. आकडा हवाच असेल तर अनेक काड्या एकत्र तपासणारी ल्युंग-बॉक्स टेस्ट द्या, पण मॉडेलने जितके ऑटोरिग्रेसिव्ह पॅरामीटर वापरले तितके डिग्री ऑफ फ्रीडम वजा करून. डर्बिन-वॉटसन फक्त शेजारच्या दोन रिडिंग्जकडे बघते. तिचा आकडा साधारण २(१−r) असतो, म्हणजे २ जवळ आला तर शेजारचा सहसंबंध नाही. चोवीस तासांपूर्वीच्या रिडिंगशी असलेला संबंध तिला दिसत नाही.

हे सगळे झाल्यावर नॉर्मॅलिटी. या धुतलेल्या रेसिड्यूअलचा क्यू-क्यू आलेख काढा, ज्यात डेटा नॉर्मल असेल तर ठिपके सरळ रेषेवर पडतात. ठिपके मधल्या भागात रेषेवर असतील आणि टोकाला दोन-चार सुटले असतील तर मी पुढे जाते. सुटलेल्या ठिपक्यांच्या तारखा मात्र काढते. बहुतेक वेळा तो वळवाचा दिवस असतो किंवा लॉगरची बॅटरी बदललेला दिवस, आणि तिथे ट्रान्सफॉर्मेशनपेक्षा शेतातली नोंदवही कामाला येते. ठिपके एखाद्या बाजूला सलग वळत असतील तर लॉगचा विचार करा, पण सेल्सिअसमधल्या तापमानाचा लॉग घेण्याला अर्थ नाही. शून्य कुठे धरला ते माणसाने ठरवलेले आहे. क्यू-क्यू पाहून झाल्यावर परीक्षकांसाठी शापिरो-विल्क द्यायची असेल तर द्या, पण तुमच्या ४८० आकड्यांवर ती बारीकशा, बिनमहत्त्वाच्या विचलनावरही बोट ठेवू शकते. निर्णय तिच्यावर सोडू नका.

व्हेरियन्सचेही आलेखावरच बघा. उघड्या प्लॉटमध्ये दुपारचा विस्कळीतपणा पाचटाच्या प्लॉटपेक्षा जास्त असणे अगदी शक्य आहे. पाचटाचा एक परिणाम तोच आहे, तेव्हा तो दाबून टाकू नका. मॉडेलमध्ये दोन्ही ट्रीटमेंटना वेगळा व्हेरियन्स द्या आणि प्रबंधात तो वेगळा लिहा.

गाईडशी बोलताना मॅन-व्हिटनीवरून वाद घालू नका. दोन उघड्या प्लॉटची ती तुलना दाखवा आणि एवढेच विचारा की प्रयोगाचे युनिट प्लॉट आहे की तास. शेतीप्रयोगांत मुरलेल्या माणसाला हा प्रश्न लगेच कळतो, कारण उत्पादनाच्या बाबतीत ते स्वतः तसेच करतात. एका प्लॉटमधल्या दोनशे उसांची वजने घेतली म्हणून कुणी दोनशे रेप्लिकेशन्स म्हणत नाही.

प्रयोग आरबीडीत होता का, आणि ६० दिवसांत पाण्याच्या पाळ्या दोन्ही ट्रीटमेंटना एकाच दिवशी दिल्या का, एवढे मला कळवा. पाचटाखाली वापसा उशिरा येतो म्हणून पाळी लांबवली असेल तर तापमानातल्या फरकाचा काही भाग पाण्याचा आहे, आणि मग मॉडेलमध्ये पाळीनंतरचे दिवस वेगळे घ्यावे लागतील.